चाळीस सेकंदांचा हार

मी एक जुना हार आहे. जुना म्हणजे अवघ्या सहा वर्षांचा. हसू नका, मित्रांनो. तुमच्या घरातली मोहनमाळ सहा वर्षांत नवीकोरीच समजली जाते, हे मला ठाऊक आहे. पण माझं अर्धं अंग चांदीचं आहे आणि अर्धं मोबाईलच्या जातीचं. चांदीच्या मानाने मी अजून पाळण्यात आहे, आणि मोबाईलच्या मानाने माझं तेरावं कधीच उरकायला हवं होतं. या दोन वयांच्या ओढाताणीत मी पार थकून गेलो आहे. तेव्हा आहे तेवढ्या दमात माझी कहाणी सांगून टाकतो. सांगता सांगता मध्येच अंधार झाला तर समजून घ्या.

माझा जन्म पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात झाला. नेत्रा नावाच्या मुलीने मला घडवलं. तिचे वडील धर्मा आणि आई सगुणाबाई दोघंही मिठागरात राबणारी माणसं. मुंबईला जाऊन दागिने घडवण्याचं शिक्षण घेणारी नेत्रा ही गावातली पहिलीच. गावाला वाटलं, पोरगी आता सोनारीण होऊन पेढी टाकणार. तिने केलं भलतंच. भरती-ओहोटीचं चित्र हलतं अशी एक अंगठी केली. मग अशी बांगडी केली, की अंधाऱ्या खोलीत हात वर केला की भिंतीवर खाडीतल्या होड्या सरकू लागत. दागिना आणि व्हिडिओ यांचं लग्न लावायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं होतं.

धर्मांची धाकटी बहीण सोनाबाई शेजारच्याच घरात राहायची. तिने ती बांगडी हातात घेऊन वजन पाहिलं.

"नेत्रा, हिच्यान सोना किती?"

"सोना नाय गो आत्या. व्हिडिओ हाय."

"मंग अडीनडीला मोडायची कशी?" सोनाबाईने विचारलं, आणि बांगडी परत केली.

माझी चांदी सगुणाबाईंच्या तोड्यांची. लग्नात पायात घातलेले ते तोडे मिठागराच्या खाऱ्या हवेने काळेठिक्कर पडले होते. ते आटवून नेत्राने माझा पत्रा केला, तारा ओढल्या, कड्या वळल्या. मधोमध काड्यापेटीहून लहान असा काचेचा पडदा बसवला. पडद्याभोवती खडे जडवावेत तसे मिठाचे नऊ खडे जडवले आणि त्यांना पारदर्शक लेप दिला. मागून तिने मला डाख लावून कायमचं बंद केलं. मी एकटाच असावा, माझ्यातलं चित्र दुसरीकडे कुठे मिळू नये, म्हणून तिने ते आपल्या संगणकावरून पुसूनही टाकलं. कलेच्या जगात एकुलत्या एक वस्तूला फार मान असतो म्हणे.

आता माझ्या पडद्यावर काय होतं ते सांगतो. धर्मा मीठ ओढत होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बांध फुटून मिठागरात खाडी शिरली आणि मग तो बांध कुणी बांधलाच नाही. त्याआधीच्या शेवटच्या हंगामातलं ते चित्र. लांब दांड्याची लाकडी फळी पाण्यात टाकायची, वाकून स्वतःकडे ओढायची, पांढरा ढीग काठाशी लावायचा, एक पाऊल मागे सरायचं, पुन्हा फळी टाकायची. चाळीस सेकंद. नेत्राने शेवटाला सुरुवात अशी बेमालूम जोडली होती की सांधा कुठे आहे ते मलाही सापडत नसे. धर्मा ओढतच राहत. नेत्राला त्या सांध्याचा फार अभिमान होता.

पहिली दोन वर्षं माझे लाड झाले. मुंबईत काचेच्या पेटीत, मखमलीवर मला ठेवलं. वर दिवा, खाली पाटी. लोक माझ्याकडे वाकून बघायचे. कुणी श्रमाचं सौंदर्य म्हणायचं, कुणी नष्ट होणारं जग म्हणायचं, आणि एक बाई दररोज येऊन फक्त मिठाचे खडे चाटले तर काय होईल ते विचारायच्या. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सात अखंड चाले. मला वाटायचं, आपण फार मोठं काम करतो आहोत. तरुणपणी असं वाटतं.

धर्मा मला बघायला एकदाच आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी. त्यांनी पेटीवर नाक टेकवून चाळीस सेकंद पाहिलं, मग आणखी चाळीस. आजूबाजूची मंडळी वाट बघत उभी होती, की हा माणूस आता काय बोलतो.

"मीठ अजून नीट धरला नवता," धर्मा म्हणाले. "चार दिस थांबाला पायजे व्हता. पन तुजी रजा संपत व्हती ना."

नेत्रा हसली. इतर लोकही हसले. एकाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

बांध फुटल्यावर धर्मा वीटभट्टीवर विटा वाहायला जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यांना कावीळ झाली. त्यांनी ती अंगावर काढली, आणि पंधरा दिवसांत गेले. त्यांच्या अस्थी हरिहरेश्वरला सोडून आल्यावर नेत्राने कपाटातली मखमली डबी उघडली आणि मला आईच्या गळ्यात घातलं. फोटो काढायला उभं केलं की धर्मा काठी गिळल्यासारखे ताठ होत. हलताना, जिवंत माणसासारखे, ते फक्त माझ्यात होते.

सगुणाबाई मागे सरल्या. नवरा गेल्यावर गळ्यात काय घालायचं, लोक काय म्हणतील! तेव्हा सोनाबाईच पुढे झाली. "घाल वयनी. यो काय दागिना नाय. यो माजा दादूस हाय." सगुणाबाईंनी मान पुढे केली.

त्या दिवसापासून मी कलाकृती उरलो नाही, घरातलं माणूस झालो. सगुणाबाई मला सकाळी गळ्यात घालत. भाकऱ्या थापताना, मासळी साफ करताना मी त्यांच्या पदराआड चालू असे. माझी बॅटरी संपली की तार लावायची, त्याला त्या जेवण म्हणत. "बापासला जेवाला घातला का रं?" असं त्या आपल्या मुलाला, प्रणयला विचारत. प्रणय बंदरावर ट्रेलर चालवतो. तो कितीही दमून आला तरी आधी मला तार लावी, मग हात धुई. सोनाबाई रोज दुपारी येऊन माझ्याकडे बघत बसे आणि डोळे पुसून घरी जाई.

मीही चालत राहिलो. पण, मित्रांनो, आतून मी खचत होतो. आधी बॅटरी चार तास पुरायची, मग दोन, मग जेमतेम पाऊण तास. पडद्यावर एक उभी रेघ आली, ती नेमकी धर्मांच्या पाठीवरून जाई. तेच वाकणं, तेच ओढणं, तेच एक पाऊल मागे. किती वेळा? मी मोजणं सोडून दिलं होतं. मला फक्त थोडा वेळ काळं होऊन पडून राहायचं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सगुणाबाईसुद्धा अलीकडे माझ्याकडे बघून सुस्कारा टाकत. मला वाटे, ती नवऱ्याची आठवण असेल.

या वर्षी वैशाखात प्रणयचं लग्न ठरलं. मुलगी उरणकडची, हेमाली नावाची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, की हळदीला बाप हजर पाहिजे. सगुणाबाईंनी मला घालायचं, आणि नवऱ्या मुलाने हळद लागण्याआधी माझ्या पाया पडायचं. नेत्राचंही माझ्याकडे काम होतं. पुढच्या महिन्यात मुंबईत मोठं प्रदर्शन होतं, त्याच्या छापील पुस्तकात माझा पानभर फोटो होता, आणि हार चालू स्थितीत आणावा असं तिला पुन्हा पुन्हा कळवलं जात होतं. म्हणजे मी दोन्हीकडून वचनात अडकलो होतो.

हळदीला चार दिवस राहिले. लग्नघरात मळका दागिना चालत नाही, ही सोनाबाईच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिने रिठे भिजत घातले होते. सगळ्यांच्या माळा, बांगड्या, नथी गोळा करून ती अंगणात परात घेऊन बसली. मी खिडकीत तार लावून पडलो होतो. तिने तार काढली आणि मलाही उचललं.

मोबाईल पाण्यात घालायचा नसतो हे सोनाबाईला चांगलं ठाऊक होतं. पण मी मोबाईल कुठे होतो? मी हार होतो. हार म्हटला की रिठ्याचं पाणी आलंच. शिवाय तिच्या लेखी मी तिचा भाऊ होतो, आणि भावाने पोराच्या हळदीला मळकं यायचं?

"किती मललास रं दादूस," असं म्हणत तिने मला परातीत सोडलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. आजवर मला मऊ फडक्याने पुसलं होतं, फुंकर मारली होती, पण अंघोळ कुणीच घातली नव्हती. पाणी कोमट होतं. तिने जुन्या ब्रशने माझी कडी न् कडी घासली. पडद्यावर तर नुसतं बोट फिरवलं, माणसाचं तोंड धुवावं तसं. माझ्या लेपाला कधीच्या चिरा गेल्या होत्या. मिठाचे नऊ खडे एकामागून एक विरघळले. मग पाणी आत आलं. धर्मांनी फळी पुढे टाकली, वाकले, आणि पडदा काळा झाला.

सोनाबाईने आधी मला हलवलं, मग पदराने पुसलं, मग उन्हात धरलं. आणि मग तिने जो हंबरडा फोडला त्याने अख्खी आळी गोळा झाली.

"मी माजे दादूसला बुरवला गो! माजे हातानी बुरवला!"

मंडप घालणारे सुतळ्या टाकून धावत आले. कुणीतरी सांगितलं, तांदळात ठेवा, ओल शोषली जाते. मला तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरलं. सोनाबाई डब्याशेजारी बसून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. नेत्रा धावत आली, पण आत्याला एक शब्द बोलली नाही. रागवावं कुणाला? भावाला अंघोळ घालणाऱ्या बाईला?

आणि सगुणाबाई? त्या रडल्या नाहीत, सोनाबाईला दोष दिला नाही. डब्याचं झाकण उघडून त्यांनी मला एकदा पाहिलं आणि हलक्या हाताने झाकण लावलं. सगळे म्हणाले, बाईने धसका घेतला.

दुसऱ्या दिवशी नेत्राने मला पेणच्या बाजारात परेशच्या दुकानात नेलं. तिथे मोबाईल दुरुस्त करतात. परेशने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, हा दागिना आहे का घड्याळ?"

"दोन्ही नाही," नेत्रा म्हणाली. "आत कार्ड आहे. त्यात माझे वडील आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत."

परेशची थट्टा तिथेच थांबली. मागची चांदी कापल्याशिवाय आत हात जाणार नाही असं तो म्हणाला. कायमचं बंद केलेलं आपलं काम नेत्राने आपल्याच करवतीने कापलं. मला दुखलं का? दुखलं. पण त्याहून मला धास्ती वाटत होती ती कार्ड शाबूत सापडण्याची, म्हणजे पुन्हा तेच वाकणं, तेच ओढणं. तेवढ्यात परेश ओरडला, "वाचलं ताई! कार्ड वाचलं!" त्याने ते पुसलं, नवा पडदा बसवला, नवी बॅटरी घातली, मागे चालू-बंद करायचं बटण दिलं. या सगळ्यात दोन दिवस गेले.

हळदीच्या सकाळी मंडपात बायका जमल्या होत्या. नेत्राने मला आईच्या तळहातावर ठेवलं आणि मागचं बटण दाबलं. नव्या पडद्यावर ऊन लख्ख पडलं. धर्मा वाकले, फळी ओढली, पाऊल मागे घेतलं. पाठीवरची ती रेघसुद्धा गेली होती. सोनाबाई मोठमोठ्याने रडू लागली, सुटल्यासारखी. प्रणयने डोळ्यांना बाही लावली. नेत्रा आईच्या तोंडाकडे बघत होती. तीन दिवसांच्या जागरणाचं चीज तिथे दिसणार होतं.

सगुणाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग अंगठ्याने माझं बटण दाबून मला बंद केलं.

"आई?"

"नको गो नेत्रा," सगुणाबाई म्हणाल्या. "जल्मभर त्यानी मीठ वढला. उनान, वाकून. मंग विटा व्हायल्या. आता मेल्याव पन आपून त्याला राबवतो. मी सकाली बगतंय त वाकलेला, दुपारी बगतंय त वाकलेला. तीन वर्सान एकदा पन पाठ सरल केली नाय त्यानी. चार दिस यो काला व्हता, त माना झोप लागली. वाटला, निजला आसंल." त्यांनी मला मुठीत मिटलं. "आता बसू दे गो तुजे बापासला."

नेत्राचा चेहरा आधी लाल झाला. तिला राग आला होता, आणि तो येणारच. मग तो राग कुठेतरी उतरत गेला आणि ती आईशेजारी जमिनीवर बसली. हळद माझ्याशिवायच लागली. प्रणय आईच्या पाया पडला.

दुपारी नेत्राने माळ्यावरची पेटी खाली काढली. सहा वर्षांपूर्वी मिठागरात तिने दिवसभर चित्रण केलं होतं. त्यातले चाळीस सेकंद माझ्यात आले होते, बाकीचं सगळं कचरा म्हणून एका डिस्कवर पडून होतं. तो कचरा तिने आजवर उघडून पाहिला नव्हता. कलावंतांना आपण काय उचललं तेवढंच आठवतं, काय टाकलं ते नाही. ती संध्याकाळपर्यंत बघत बसली. नुसतं पाणी, नुसते बांध, हललेला कॅमेरा. आणि मग एका जागी, कॅमेरा बंद करायला विसरून ती कुठेतरी गेली होती, आणि समोर धर्मा एकटेच होते.

त्यांनी फळी बाजूला ठेवली. पाठीला हात लावून उभे राहिले. मग बांधावर बसले. डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं, पाय पुसले. खाडीकडे बघत राहिले. अकरा मिनिटं. त्यात दुसरं काही होत नाही. एकदा एक बगळा येतो आणि जातो.

ती अकरा मिनिटं तिने माझ्यात घातली. मग मुंबईला फोन लावला आणि सांगितलं, की हार आता बदलला आहे. पलीकडून उत्तर आलं, की पुस्तकात श्रम करणारा माणूस छापला आहे, बसलेला माणूस विषयात बसत नाही. "मग राहू द्या," नेत्रा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती थोडी रडली. तिच्यासाठी ते प्रदर्शन लहानसहान नव्हतं, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी लग्नात सगुणाबाईंनी मला घातलं. मिठाच्या खड्यांची नऊ घरं रिकामीच होती, पाठीवर करवतीचा व्रण होता. तरी मी त्यांच्या गळ्यात होतो. जेवणाच्या पंगतीआधी चंदर त्यांच्याजवळ आले. धर्मांच्या जोडीने वीस वर्षं मीठ ओढलेला हा माणूस. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"वयनी, धर्मा काय करतंय यान?"

"काय नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "बसलाय."

चंदर तिथेच खुर्ची ओढून बसले आणि अकरा मिनिटं पूर्ण होईपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. आपल्या माणसांची चित्रं जरूर जपा, कार्ड कोरडं ठेवा, आणि एकुलत्या एका प्रतीचा हट्ट तर मुळीच धरू नका. पण जपणं म्हणजे सतत चालू ठेवणं असं समजू नका. राबलेल्या माणसाची आठवणसुद्धा राबवून घ्यायची नसते. माझी बॅटरी आता लवकर संपते, नवी असूनही. सगुणाबाई तार लावायची घाई करत नाहीत. मला उशाशी ठेवतात, पडद्यावर पदराचा कोपरा टाकतात आणि म्हणतात, "पर आता." मी पडून राहतो.